सहा हजार किलोमीटरांच्या आत

श्रावकाच्या बारा व्रतांतील सहावे व्रत दिशांचे आहे. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर, तसेच वर आणि खाली आपण कोठवर जाणार, याची मर्यादा श्रावकाने स्वतः आखावयाची आणि ती आयुष्यभर सांभाळावयाची. व्यापारी तांडे घेऊन महिनोन्महिने घराबाहेर असत, त्या काळी या व्रताचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे. आखलेल्या सीमेपलीकडच्या प्रदेशापुरता गृहस्थही महाव्रतीसारखाच होतो, असे शास्त्रकार म्हणतात. कारण तेथल्या हिंसेत आणि तेथल्या परिग्रहात त्याचा वाटा उरत नाही. आजही हे व्रत घेणारे पुष्कळ आहेत, परंतु त्याची आठवण बहुधा प्रतिक्रमणापुरती राहते. नरखेडच्या एका घरात मात्र गेल्या दिवाळीनंतर हे व्रत रोजच्या बोलण्यात आले, आणि तेही एका सहलीच्या निमित्ताने.

घर धान्य-किराण्याच्या व्यापाऱ्याचे. नरखेड म्हणजे नागपूर जिल्ह्याचे वायव्य टोक. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे, अमरावतीकडे फाटा फुटणारे जंक्शन. भोवताली संत्र्यांचे बगिचे. घरातले बाबूजी आता बासष्ट वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी नागपुरात इतिहास घेऊन बी.ए. केले, एम.ए.चे पहिले वर्षही झाले. त्याच उन्हाळ्यात वडील गेले आणि बाबूजी दुकानाच्या गादीवर बसले. ते पुन्हा वर्गात गेले नाहीत. पुस्तके मात्र त्यांनी टाकली नाहीत. गादीच्या मागच्या फडताळात जुन्या खतावण्यांच्या शेजारी ती अजून आहेत, आणि दुपारी गिऱ्हाईक नसले की त्यातले एखादे उघडले जाते.

त्या पुस्तकांतल्या एका गोष्टीने त्यांना चाळीस वर्षे सोडलेले नाही. इसवी सनापूर्वी २०च्या सुमारास एका भारतीय राजाने रोमच्या ऑगस्टस बादशहाकडे वकिलात पाठविली. दमास्कसच्या निकोलस नावाच्या इतिहासकाराला ती मंडळी अँटिओक शहराजवळ भेटली. निघाले होते पुष्कळ, पण लांबच्या प्रवासाने बाकीचे वाटेतच दगावले आणि तिघेच उरले होते. त्यांच्याजवळ ग्रीक भाषेत कातड्यावर लिहिलेले पत्र होते. या वकिलातीबरोबर एक संन्यस्त पुरुषही गेला होता. त्याने अथेन्स नगरीत, अंगाला तेल लावून, हसतमुखाने अग्निप्रवेश केला. स्ट्रॅबो या भूगोलकाराने निकोलसच्या आधाराने हा वृत्तान्त नोंदविला आहे आणि त्या पुरुषाच्या समाधीवर त्याचे नाव व गाव कोरलेले होते, असेही लिहिले आहे. नाव झार्मानोखेगास, गाव बार्गोसा. बार्गोसा म्हणजे भडोच, आणि नावाचा पूर्वार्ध ‘श्रमण’ या शब्दाचे ग्रीक रूप, असे अभ्यासक मानतात. ‘श्रमणाचार्य’ असेही कोणी वाचतात. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी प्लूटार्कच्या काळातही अथेन्समध्ये ‘भारतीयाची समाधी’ दाखविली जात असे. आज तिचे ठिकाण कोणाला दाखविता येत नाही.

हा श्रमण जैन होता, असे बाबूजी कधी म्हणाले नाहीत, आणि तसे म्हणणे धाडसाचेच ठरेल. संलेखना म्हणजे अन्नपाण्याचा क्रमाक्रमाने त्याग. अग्नीत उडी घेण्याशी तिचा संबंध नाही. घरातल्या आईंनी ही गोष्ट लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली तेव्हाच सांगितले होते, “आपल्यात असं नसतं.” भडोच मात्र त्यांच्या ओळखीचे. मुनिसुव्रत स्वामींचे ते तीर्थ त्यांनी दोनदा केले आहे. तेथून निघालेला एक श्रमण समुद्रापलीकडच्या परक्या राजधानीत जाऊन संपतो आणि त्याच्या दगडावर त्याच्या गावाचे नाव राहते, एवढ्यापुरती ती गोष्ट त्यांनाही आपली वाटे.

बाबूजींना अथेन्स पाहायचे होते, ते यासाठी. मागणे फार मोठे नव्हते, परंतु प्रत्येक वर्षी काहीतरी निघे. आधी मुलीचे लग्न, मग दुकानाचा वरचा मजला, मग एक वर्ष तुरीच्या भावाने बसविलेला फटका. “पुढच्या वर्षी पाहू,” हे वाक्य त्या घरात इतके वापरले गेले की नंतर ते कोणी पुरते उच्चारीनासे झाले. गेल्या पावसाळ्यात आईंच्या गुडघ्यांचे दुखणे वाढले. दुकानात बसणाऱ्या मुलाने तेव्हा मनाशी ठरविले की आता पुढचे वर्ष नको.

त्याने आधी आणली ती एका मोठ्या सहलीची पत्रिका. बारा दिवस, लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, सोबत जैन स्वयंपाकी. बाबूजींनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “यात अथेन्स कुठे आहे?” आईंचा प्रश्न निराळा होता. “हे किती लांब आहे?”

दिग्व्रत असे घरात आले. आईंनी २००९च्या चातुर्मासात नागपूरच्या स्थानकात साध्वीजींसमोर बारा व्रते घेतली होती. चारी दिशांना घरापासून ठरावीक किलोमीटरांपलीकडे जाणार नाही, असे त्यांचे पच्चक्खाण होते. सुनेने भ्रमणध्वनीवर अंतरे काढली. नरखेडहून सरळ रेषेत लंडन सात हजार किलोमीटरांच्या वर, झुरिक पावणेसात हजारांच्या पुढे, रोम सुमारे साडेसहा हजार, आणि अथेन्स सुमारे साडेपाच हजार. आईंची मर्यादा सहा हजारांची असेल, तर युरोपातील या सर्व नगरांपैकी एकटे अथेन्स तिच्या आत येत होते. बाबूजींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटले, ते लपविण्याचा त्यांनी फारसा प्रयत्न केला नाही.

अडचण अशी की मर्यादा सहा हजारांची होती की पाच, हे आईंना खात्रीने आठवेना. बाबूजी म्हणाले सहा. आई म्हणाल्या, “तुम्हाला जायचं आहे म्हणून तुम्हाला सहा आठवतं.” यात खोटे काही नव्हते. आखलेली मर्यादा विसरणे हाही या व्रताचा एक अतिचारच आहे, ‘स्मृत्यन्तराधान’ या नावाचा. आणि संशय असेल तर कमी आकडा धरावा, ही रीत आईंना ठाऊक होती. पाच हजार धरले तर अथेन्स पाचशे किलोमीटरांनी बाहेर.

मुलगा हिशेबातला. त्याने सुचविले, “पूर्वेकडे आपण कधी जाणारच नाही. तिकडचे पाचशे कमी करा आणि पश्चिमेला वाढवा.” दुकानात हे चालते, एका खात्यातले दुसऱ्यात वळते करता येते. आई हसल्या. याही युक्तीला शास्त्राने आधीच नाव देऊन ठेवले आहे. ‘क्षेत्रवृद्धी’, म्हणजे एका दिशेची मर्यादा घटवून दुसरीची वाढविणे, हा त्याच व्रताचा आणखी एक अतिचार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांच्या मुलांनीही आपल्या आयांना हेच सुचविले असले पाहिजे; नाहीतर सूत्रकाराला ते लिहून ठेवण्याचे कारण पडले नसते.

बाबूजी त्यानंतर आठ दिवस अथेन्सविषयी एक शब्द बोलले नाहीत. त्यांना एकट्याने जाता आले असते; मुलाने तसे सुचविलेही. “तिच्याशिवाय कशाला,” एवढेच ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. आईंनी ते ऐकले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कपाटे उपसायला घेतली. साध्वीजींनी दिलेली, बारा व्रतांच्या मर्यादा हाताने भरावयाची एक लहान पुस्तिका होती, ती कोठेतरी असलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. शोधता शोधता त्यांना एक आठवण झाली. त्या वर्षी धाकटा शाळेत होता, आणि आकडा ठरविताना त्यांनी त्याचे भूगोलाचे पुस्तक पाहिले होते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. वरचे सोडून देऊन त्यांनी गोळा आकडा लिहिला होता. आठवण स्पष्ट होती, तरी लेखी पुरावा सापडेपर्यंत त्यांनी ती धरली नाही.

पुस्तिका सापडली ती लग्नाच्या शालूच्या घडीत. सहाव्या व्रताच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिले होते: चारी दिशांना सहा हजार किलोमीटर, ऊर्ध्व पंधरा किलोमीटर. विमाने साधारण अकरा किलोमीटर उंचीवरून जातात, हे तेव्हा कोणी सांगितले होते कोण जाणे, पण तीही सोय झालेली होती.

खरे नियोजन यानंतर सुरू झाले, आणि ते सुनेने हाती घेतले. नरखेडहून अथेन्सला जाणे म्हणजे युरोपातल्या लोकांसारखे शनिवार-रविवारी उठून जाणे नव्हे. तरी एकच नगर, पाच रात्री, मधे दुसरे काही नाही, अशी आखणी केली की खर्च आटोक्यात येतो. दहा शहरांच्या सहलीत पैसा जातो तो शहरे पाहण्यात कमी आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात नेले जाण्यात अधिक. तीर्थाला गेलेले कुटुंबही एकाच धर्मशाळेत मुक्काम टाकते. त्यात कोणाला काही कमी पाहिल्यासारखे वाटत नाही.

दिवस ठरले मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातले. गहू-हरभऱ्याची आवक तोवर सरलेली असते, पेरणीची धावपळ सुरू झालेली नसते, आणि चातुर्मास दूर असतो. अथेन्समध्ये त्या दिवसांत ऊन सोसवणारे असते. आईंच्या दृष्टीने महत्त्वाचे निराळेच होते. मेच्या आरंभी तेथे सूर्य सुमारे सव्वाआठनंतर मावळतो. म्हणजे चौविहार करणाऱ्याला संध्याकाळचे जेवण साडेसातला घेतले तरी चालते. तेच डिसेंबरात गेले तर सूर्यास्त पाचच्या सुमारास, आणि दिवसभर हिंडणाऱ्याची तारांबळ. सकाळी सूर्योदय साडेसहाच्या आसपास. नवकारशी सव्वासातच्या सुमारास येते. परदेशात रात्रीभोजनत्याग पाळता येत नाही म्हणणाऱ्यांनी पंचांग उघडून महिना निवडावा, इतके ते सोपे आहे. जाताना पश्चिमेकडे प्रवास असल्याने दिवस अडीच तासांनी लांबतो, आणि त्याचा आईंना आनंदच झाला.

व्हिसा शेंगेनचा. शुल्क २०२४च्या जूनपासून प्रौढांना ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आल्यावर करता येत नाही. बोटांचे ठसे द्यायला त्यांनी मुंबईची वेळ घेतली आणि त्याच फेरीत पुतणीकडचे साखरपुड्याचे कार्य उरकायचे ठरविले. विमान आखातात बदलून जाणारे, कारण ते त्यांना स्वस्त पडत होते. जैन जेवणाची मागणी तिकिटाबरोबरच नोंदविली. ऐन वेळी विमानात मागून ते मिळत नाही.

राहण्याच्या जागेवर मात्र घासाघीस झाली. ग्रीस सरकार मुक्कामावर हवामान कर घेते. २०२५पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात लहान, एक-दोन तारांकित हॉटेलला रात्रीचे २ युरो आणि भाड्याच्या सदनिकेला ८ युरो. मुलाने लगेच हॉटेलचा पक्ष घेतला. युरो शंभर रुपयांच्या पलीकडे गेल्यावर सहा युरोंचा फरक व्यापाऱ्याला दिसतोच. सुनेने दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडला: सदनिकेत चूल आहे, आणि दोन माणसांचे पाच दिवसांचे बाहेरचे जेवण किती होईल? सदनिका ठरली. शिवाय कांदा, लसूण आणि बटाटा यांच्यापासून मुक्त असे ताट बाहेर रोज शोधणे म्हणजे दुसरी सहलच.

सोबत काय न्यायचे, यात एक धक्का होता. युरोपीय संघात बाहेरून दूध व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे तुपातले लाडू गेले, पेढे गेले. ताजी फळेही, मोजके अपवाद सोडले तर, प्रमाणपत्रावाचून नेता येत नाहीत. नरखेडच्या माणसाला संत्रे सोडून प्रवासाला निघावे लागणार. बाबूजींना त्याचे फारसे वाटले नाही, कारण त्यांनी वाचून ठेवले होते की अथेन्सच्या रस्त्यांच्या कडेला संत्र्याचीच झाडे आहेत. फळ कडू, पाकात घालून खाण्याचे. ग्रीक त्याला ‘नेरांत्झी’ म्हणतात. तो शब्द फारसीतून गेलेला आणि फारसीत तो आपल्या ‘नारंग’वरून आलेला. भडोचच्या श्रमणाची समाधी नाहीशी झाली, हा शब्द टिकला.

तेलातला खाखरा, मेतकूट, पोहे आणि डाळी एवढ्यावर यादी आली. डाळीही फार नकोत, असे बाबूजींचे मत. ग्रीकांची ‘फावा’ नावाची पिवळी डाळ असते, सांतोरिनी बेटाची विशेष प्रसिद्ध. तिची वनस्पती आपल्या लाखोळीच्याच कुळातली. विदर्भातल्या धान्याच्या व्यापाऱ्याला हे कळल्यावर तो ती पाहिल्यावाचून परत येणार नाही. हॉटेलात ती कच्चा कांदा घालून देतात, म्हणून सुनेने दोन वाक्ये देवनागरीत लिहून दिली: ‘होरीस क्रेम्मीदी’, कांद्याशिवाय, ‘होरीस स्कोर्दो’, लसणाशिवाय. तेथील ख्रिस्ती लोकांचेही उपवासाचे बरेच दिवस असतात आणि त्या दिवशी ते मांस, दूध, अंडी टाळतात. अशा पदार्थाला ‘नीस्तीसिमो’ म्हणतात. तो शब्द आईंनी दोनदा म्हणून पाठ केला. भाजी घ्यायची तर अथिनास रस्त्यावरच्या मोठ्या मंडईत एका बाजूला मांस-मासळीचे दालन आहे आणि रस्त्यापलीकडे फळे-भाजीपाला. पहिल्या बाजूला पाऊल पडू नये, हेही कागदावर आले.

विमानतळावरून शहरात मेट्रोने ९ युरो, बसने त्याहून कमी. शहरात नव्वद मिनिटांचे तिकीट १.२० युरोचे. अॅक्रोपोलिस टेकडीचे तिकीट २०२५च्या एप्रिलपासून ३० युरो झाले आहे आणि दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा असल्याने वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. सकाळी आठची पहिली वेळ घेतली. वरचा संगमरवर पायांनी घासून गुळगुळीत झालेला आहे, तेव्हा आईंसाठी रबरी तळाचे बूट नागपूरहून आणले. चालू न शकणाऱ्यांसाठी तेथे उद्वाहक आहे, परंतु “मी चालू शकते,” असे म्हणून त्यांनी तो विषय बंद केला.

बाबूजींचे लक्ष टेकडीपेक्षा खालच्या आगोराकडे अधिक आहे. आगोरा म्हणजे प्राचीन अथेन्सचा बाजार-चौक. तेथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पर्गामॉनच्या अत्तालस राजाने बांधून दिलेली दुमजली दुकानरांग होती. प्रत्येक मजल्यावर एकवीस गाळे. १९५०च्या दशकात ती जुन्या पायावर पुन्हा उभारली आणि आता तीत संग्रहालय आहे. सरकारी शिक्क्याची वजने आणि मापे तेथे मांडलेली आहेत. वजन-मापांवर देखरेख करणारे अधिकारी नगरात वेगळे नेमलेले असत. इसवी सनापूर्वी ३७५च्या एका कायद्याचा शिलालेखही या चौकात सापडला आहे: बाजारात पारखी बसेल, चांदीचे नाणे तपासून देईल, आणि त्याने खरे ठरविलेले नाणे नाकारणाऱ्या व्यापाऱ्याचा त्या दिवसाचा माल जप्त होईल. फाटकी नोट घ्यायची की नाही, यावरून आठवड्यातून एकदा वाद घालणाऱ्या दुकानदाराला हे वाचून काय वाटले असेल, ते दुकानदारच जाणे. बाबूजींनी तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखविला आणि दुकानातल्या नोकरालाही समजावून सांगितला.

पाच दिवसांची आखणी शेवटी आईंनीच केली, आणि तीही व्रतानेच. दहावे देशावकाशिक व्रत म्हणजे सहाव्यातली मर्यादा त्या त्या दिवसापुरती आणखी आटोपती घेणे. पहिल्या दिवशी घरापासून दोन किलोमीटर: आगोरा आणि केरामेइकोसचे प्राचीन स्मशान. दुसऱ्या दिवशी टेकडी आणि तिच्या पायथ्याचा पादचारी रस्ता. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांना विश्रांती, फार तर संध्याकाळी बागेत. जुने अथेन्स पायी फिरण्याइतके लहान असल्याने यातून फारसे काही सुटत नाही. फक्त एक मुद्दा अनिर्णित राहिला. या व्रताच्या अतिचारांत मर्यादेबाहेरच्या माणसाला आवाज देणे किंवा रूप दाखविणे येते. मग नरखेडला नातवाशी व्हिडिओ कॉल केला तर तो कोणता, शब्दानुपात की रूपानुपात? मुलगा म्हणाला, दोन्ही. फोन सकाळी, पच्चक्खाण घेण्याआधी करायचा, असे ठरले.

व्हिसा आला, पैसे भरले गेले. दुकान पंधरवडा मुलाकडे. उधारीची यादी बाबूजींनी स्वतः लिहून दिली. निघण्याच्या आठवड्यापूर्वी आई साध्वीजींच्या दर्शनाला गेल्या. मांगलिक ऐकले आणि मग मनातला प्रश्न विचारला: वादळामुळे वैमानिकाने विमान अथेन्सऐवजी रोमला उतरविले, तर? रोम साडेसहा हजारांवर आहे. साध्वीजी क्षणभर थांबल्या. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीला आगार असतो, त्या म्हणाल्या. मात्र विमान पुन्हा उडेपर्यंत विमानतळाबाहेर पाऊल टाकू नये आणि परत आल्यावर आलोचना करावी.

घरी येऊन आईंनी पुस्तिका काढली आणि सहाव्या रकान्याच्या कडेला, जुन्या निळ्या शाईच्या शेजारी, तारखेसह ते लिहून ठेवले. बाबूजी तेव्हा फडताळापुढे उभे होते. प्रवासात कोणते पुस्तक न्यायचे, हे त्यांचे अजून ठरले नव्हते. बॅगेचे वजन तेवीस किलोंच्या आत राहायला हवे होते, आणि दुकानाच्या काट्यावर ते आताच चोवीस भरत होते.